सिंदी मेघेतलं कॅनडाचं गॅरेज

आमच्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर एकही भिंत नव्हती, तरी भिंतीतून गेल्याबद्दल मी तिथे निदान दहा वेळा बोलणी खाल्ली आहेत.

"अबे संजू, भिंतीतून काऊन येऊन राह्यला? दरवाजा तिकडून आहे ना!"

हे काकाजी. आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. खऱ्या भिंतीला. प्लॉटवर त्यांनी चुन्याच्या फक्कीनं बावीस बाय चोवीस फुटांचं गॅरेज आखलं होतं. दरवाजा चुन्याचा, खिडकी चुन्याची, आणि मधोमध खऱ्या खुर्चीवर खरे काकाजी. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, हे गॅरेज गरम कसं ठेवायचं याचा विचार करत बसलेले. तेही वर्ध्याच्या मे महिन्यात! पावसाळ्यात गॅरेज वाहून जायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा बांधलं जायचं.

गॅरेज अर्थात इथलं नव्हतं. त्यांचा मुलगा विलास कॅनडात. काकी गेल्यापासून तो बाबांना कायमचं तिकडे न्यायच्या मागे लागला होता. माझं झेरॉक्सचं दुकान, त्यात नुकतंच इंटरनेट घेतलेलं, म्हणून त्याची पत्रं माझ्या कॉम्प्युटरवर यायची. त्यानं नकाशा पाठवून लिहिलं होतं, घरामागे वेगळं गॅरेज आहे. बाबांना हाताला काम लागतं, तर तिथेच अवजारं, पलंग, टीव्ही सगळं मांडून देतो. फक्त थंडी उणे तीसपर्यंत जाते, तेव्हा हीटर त्यांनीच पसंत करावा. त्यांनी पास केला की हीटर बसवतो आणि तिकीट काढतो.

मला हेवा वाटला. माझ्या घरात मला टेबलफॅनसुद्धा कोणी निवडू देत नाही.

काकाजींनी मात्र रीतसर परीक्षा मांडली. विलास हीटरची माहिती पाठवायचा, मी छापून द्यायचो, आणि काकाजी लाल पेन घेऊन बसायचे.

आधी लाकडाची शेगडी आली. "गाडीच्या टाकीत पेट्रोल, अन् बाजूले जाळ? नापास!"

मग विजेचा हीटर आला. "अन् लाइन गेली तं?"

तिकडे लोडशेडिंग नसतं, असं मी सांगून पाहिलं.

"तुले काय मालूम? तू गेलता काय?" नापास.

रॉकेलवाला धुरासाठी नापास झाला, शिवाय त्याचं रॉकेल कोणत्या रेशन दुकानात मिळेल हे कंपनीनं लिहिलं नव्हतं. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवणारा थाटाचा हीटर आला, तेव्हा मला वाटलं, आता काकाजी निघाले. त्यांनी तो चार दिवस वाचला. "फरशी गरम होईस्तोवर माणूस थंडा होऊन जाईन." वर शेरा मारला, 'विद्यार्थी हुशार, पण आळशी.'

थंडीचा अंदाज यावा म्हणून एकदा ते बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसले, आणि सोबतीला मला नेलं. दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले. काकाजी घड्याळ बघत म्हणाले, "हे तं उणे पाचच असन. अजून पंचवीस बाकी आहे." पुढचे आठ दिवस आम्ही दोघंही शिंकत होतो, आणि माझ्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते संक्रांतीपर्यंत.

अशी दोन वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर विलासनं असा हीटर पाठवला की मीच तो मनातल्या मनात पास करून टाकला. छताला टांगायचा. हवा बाहेरून घेणार, धूर बाहेर सोडणार. गॅस थेट नळातून. लाइन गेली तर बॅटरी. शिवाय भिंतींत थंडी अडवणारा जाड थरही त्यानं आधीच भरून घेतला होता. मी कागद मोठ्या ऐटीत काकाजींच्या हातात ठेवला. त्यांनी दुकानातच दोनदा वाचला. लाल पेनाचं टोपण काही निघालं नाही.

"काकाजी, आता तं पास कराच लागते!"

"हो ना. काहीच खोट नाई याच्यात."

"मंग चालले ना तुम्ही कॅनडाले?"

ते उठले आणि मला प्लॉटवर घेऊन गेले. चुन्याच्या दरवाजातून निघून पावलं मोजत चालायला लागले. चाळीस झाली तेव्हा विजेच्या खांबाजवळ थांबले.

"हा इथं त्याच्या सैपाकघराचा दरवाजा. इथं ते सारे बसून चहा घेतीन." मग मागे वळून गॅरेजकडे बोट दाखवलं. "अन् मी तिकडं. गरम."

दोन वर्षं मी या माणसाच्या लोडशेडिंगला हसत होतो, त्याची लाज वाटली.

"मंग सांगा ना त्याले तसं," मी कसंबसं म्हणालो.

"काय सांगू? पोरगं जीव लावून करून राह्यलं सारं. त्याले वाईट वाटन."

दुकानात परत येऊन त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "लिही. हीटर पास. शंभरपैकी शंभर."

मी लिहिलं.

"लिही, तो तुह्या गाडीसाठी लाव. मले सैपाकघरात एक खुर्ची देजो. थंडी वाजन तं वाजन."

तेही लिहिलं. काकाजींनी पडद्याजवळ वाकून ते वाचलं.

"ते खुर्चीचं खोडून टाक, राजा," म्हणाले. "लहान लेकरावानी वाटते." आणि दुपट्टा सावरत निघाले.

मी त्यांना दुकानाच्या पायऱ्या उतरू दिल्या. मग एक अक्षरही न खोडता पत्र पाठवून दिलं.