बबनकाकांचे दोनशे तीस

बबनकाका कुणाच्याही घरी गेले की आधी प्लगमध्ये मीटरच्या सुया घालतात, मग चहा घेतात. आमच्या सावेडीच्या गल्लीत एकदा मुलगी बघायच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं होतं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा काका भिंतीशी वाकलेले. "दोनशे तीस व्होल्ट पायजे, दोनशे अठराच हायेत," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. "बाकीचं कुठं मुरतंय, चौकशी करा."

त्यांचा कुणावरच विश्वास नाही. वायरमन अर्थिंगचा खड्डा बुजवतो तेव्हा काका काठावर खुर्ची टाकून बसतात. "मीठ-कोळसा घालतो का नुसती माती, बघाया नको?"

नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा आपलंच मशीन विकत घेऊन पार्किंगमध्ये बसवलं. मोटर थ्री फेजची, चारशे चाळीसवर चालणारी. घरात साधी दोनशे तीसची लाइन. थ्री फेजचा अर्ज सारखा परत यायचा: घर निवासी आहे. मी पेटलो. निवृत्त कामगारानं घरी काम करायचं नाही, हा कुठला न्याय? तीन पानी निवेदन लिहिलं आणि वीज कंपनीच्या साहेबांसमोर उभं राहून वाचलं. मंजुरी आली.

मीटर बसवायला माणूस आला, तर काकांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मशीनला घरच्याच लाइनवर चालणारी छोटी सिंगल फेज मोटर जोडली. जरा जाड कट घेतला की ती कण्हते.

मला संशय आला. "काका, कुणी दम दिला का?"

"मला कोन दम देतंय?"

"मग तडजोड कुणाशी केली?"

"लेका, संशय घ्यायला माझ्याकडनंच शिकलास व्हय? आत जाऊन काकूजवळ बस. मी मशीन चालू करतो."

काकूंना वर्षभरापासून अजिबात ऐकू येत नाही. त्या बटाटे सोलत होत्या, नजर वरच्या पिवळ्या बल्बवर. बाहेर काकांनी बटण दाबलं तसा बल्ब क्षणभर मंद झाला, पुन्हा उजळला. काकूंनी मान हलवली आणि पुढचा बटाटा घेतला.

मी बाहेर आलो.

"थ्री फेजची लाइन येगळी," काका म्हणाले. "बल्ब हलायचाच न्हाई. मागं मला हितं चक्कर आली, तर हिला पत्ता न्हाई. आता बल्ब बारीक झाला की कळतं तिला, म्हातारा उभा हाय."

"आणि बल्ब बराच वेळ बारीक झालाच नाही तर?"

"येती की बघाया."

त्यांनी मशीन बंद केलं. थोडं थांबून पुन्हा चालू केलं. जॉब पकडायच्या चकमध्ये काहीच लावलेलं नव्हतं.