तायडेबाईंची शिट्टी

जठारपेठेतल्या एका लग्नात, पंगत अर्ध्यावर आलेली असताना, मांडवात शिट्टी वाजली. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन जागच्या जागी थांबला. नवरदेवाच्या काकांनी वाहतूक पोलीस आलाय असं समजून बाहेर लावलेल्या गाडीकडे धाव घेतली.

शिट्टी वाजवली होती माझ्या शेजारी राहणाऱ्या शकुंतला तायडे यांनी. समोर बसलेल्या एका बाईंना कुणीतरी विचारलं होतं की, बचत गटाच्या अध्यक्ष व्हाल का? त्या म्हणाल्या होत्या, "यायले इचारून सांगतो."

वऱ्हाडात बायकाही 'सांगतो'च म्हणतात, आणि 'यायले' म्हणजे नवऱ्याला. हे वाक्य इथं इतक्या सहज बोललं जातं की ते कुणाच्या कानाला लागत नाही. तायडेबाईंच्या मात्र लागतं.

"फाऊल!" त्या म्हणाल्या. "उठ वं. मांडवाले एक फेरी मार."

त्या बाई उष्ट्या हातानं उठल्या, मांडवाला फेरी मारून आल्या आणि अध्यक्ष झाल्या. त्यांची जिलेबी तेवढी गेली. काका परत आले तेव्हा त्यांचीही गेली होती.

मी अकोल्यात बातमीदारी करतो, ऐकीव गोष्टी लिहीत नाही. या पंगतीत मी बसलो होतो.

तायडेबाई शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. खेळ एकच मानत, खो-खो. क्रिकेटबद्दल त्यांचं मत असं की, "अकरा जन उभे राहून राहिले अन् एक जन पळून राहिला, याले खेळ म्हनत नाय, सरकारी हापिस म्हनतात." त्यांचे यजमान पोस्टात होते. मुलींचा सामना असला की तायडेकाका अर्ध्या दिवसाची रजा टाकत आणि मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखून देत. रेषा दोरीसारख्या सरळ. काम झालं की हात झटकून कडेला उभे राहत, बोलत काहीच नसत. काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. निवृत्तीनंतर बाईंनी घराच्या अंगणात रविवारचा वर्ग सुरू केला तेव्हा फक्कीच्या रेषा पहिल्यांदा स्वतः आखल्या. त्या वाकड्या आल्या. अजूनही वाकड्याच येतात.

"अंगनच वाकडं हाय," बाई सांगतात.

वर्ग पुढारी होऊ घातलेल्या बायकांचा. बचत गटाच्या, अंगणवाडीच्या, भाजी बाजारातल्या, ग्रामपंचायतीतल्या. तिवशाहून एक जण दोन एसट्या बदलून येई. फी नाही. नियम एकच, जी शिकली तिनं पुढच्या खेपेला आणखी एकीला घेऊन यायचं.

शिकवण्याची रीत अशी. बायका अंगणात ओळीनं चौकोनात बसतात, एकीचं तोंड फाटकाकडे, दुसरीचं विहिरीकडे. एक जण उठून भाषण सुरू करते. अडली की पळत जाऊन दुसरीच्या पाठीवर थाप मारायची, "खो!" म्हणायचं आणि तिच्या जागेवर बसायचं. दुसरीनं उठून भाषण तुटलं तिथून पुढं न्यायचं. एका रविवारी 'पाणीटंचाई' या विषयावर सुरू झालेलं भाषण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत एका नणंदेच्या लग्नातल्या साड्यांवर आलं होतं. बाईंनी ते थांबवलं नाही. "आवाज खनखनीत हाय ना? मंग विषय येते हळूहळू."

मी एकदा सुचवलं की, भाषण शिकवायला एखादं छोटं व्यासपीठ करून घ्या.

"पेपरवाले भाऊ," त्या म्हणाल्या, "तिथं बाई एकटी उभी राह्यते. अडली की गेली. इथं अडली तर पाठीवर हात मारून दुसरीले उठवता येते."

सविता याच वर्गात आली. बाळापूरकडच्या एका गावची, घरची वांग्या-टोमॅटोची बागायत. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि ती निवडून आली. खुर्चीवर मात्र तिचा नवरा प्रल्हाद बसायचा. माणूस वाईट नव्हता. दर रविवारी मोटारसायकलवर तिला आणून सोडायचा आणि फाटकाबाहेर शेंगदाणे खात थांबायचा.

"आमी बी शाळेत खो-खो खेळलो, मॅडम," एकदा त्यानं फाटकावरून सांगितलं. "तालुक्यापर्यंत गेलो."

"मंग खुर्चीवर काऊन बसतोस रे तिच्या?"

"सवय हो. तिले तं चालते."

"चालते का वं?" बाईंनी सविताला विचारलं.

"यायले..." सविता म्हणाली, आणि शिट्टी वाजली. त्या रविवारी ती अंगणाला किती फेऱ्या मारत होती हे मोजायचं आम्ही सोडून दिलं.

मग तिच्या गावची ग्रामसभा आली. गावापुढे प्रश्न एकच होता. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना उन्हापावसासाठी शेड बांधायची, की गावाच्या वेशीवर स्वागताची कमान उभारायची? प्रल्हादच्या मित्रमंडळाला कमान हवी होती. त्यांचे फोटो कमानीवर लागणार होते. बायकांना शेड हवी होती, कारण दुपारपर्यंत मेथी माना टाकायची. सविता खुर्चीत टिकली तर शेड, नाही टिकली तर कमान, एवढा सरळ मामला होता.

मी वार्तांकनाला गेलो होतो. बाई बाहेरगावच्या, म्हणून मंडपाबाहेर निंबाखाली उभ्या राहिल्या. शिट्टी त्यांनी पर्समध्ये घातली आणि पर्स माझ्या हातात दिली. स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता.

सविता खुर्चीवर बसली. मग उभी राहून शेडबद्दल बोलू लागली. सुरुवात चांगली झाली. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "ते राहू द्या वहिनी, प्रल्हादभाऊले इचारा!"

सविता अडली. आणि अडल्यावर तिनं रविवारी करायची तेच केलं. धावत पुढं गेली, सतरंजीवर बसलेल्या पहिल्या बाईच्या पाठीवर थाप मारली, "खो!" म्हणाली आणि तिच्या जागी खाली बसली.

ती बाई उठली, बोलू लागली. पण सरपंचाची खुर्ची रिकामी झाली. गावात खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. बाजूला उभा असलेला प्रल्हाद त्या खुर्चीवर जाऊन बसला.

निंबाखाली तायडेबाईंनी कपाळावर हात मारला. "खुर्चीवरून उठून खो द्याचा नसते, हे सांगाचंच राह्यलं!"

"पर्स?" मी विचारलं.

"नोका देऊ!"

आत खो चालूच होता. पहिली भेंडीवर बोलली, दुसरी उन्हावर. तिसरी कमानीवर बोलली: "कमानीखाली मेथी घेऊन बसू का? तुमचे फोटो सावली देतीन का?" लोक हसले. चौथीनं फिरून सविताच्या पाठीवर थाप मारली. सविता उठली. तिनं सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं, मग बोलत बोलत खुर्चीच्या मागे गेली.

"म्हनून सभेपुढं माह्यं म्हननं हाय का या गावात..."

इथं ती थांबली. अडली नव्हती. तिनं प्रल्हादच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"खो!"

प्रल्हाद उठला. नुसता उठला नाही, सुटला. तालुक्यापर्यंत खेळलेला माणूस, दोन ढांगांत मंडपाच्या खांबापर्यंत पोचला आणि तिथं भानावर आला. मागे वळून पाहतो तर सविता खुर्चीवर बसलेली. सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. खो मिळालेल्यानं वाक्य पुढं न्यायचं असतं, हे दर रविवारी फाटकाबाहेरून त्यानंही ऐकलेलं होतं.

"...या गावात," प्रल्हाद म्हणाला, आणि घाम पुसला, "शेड... झाली पायजे."

हात वर झाले. शेड मंजूर झाली. कमान पुढच्या सभेवर गेली. परतताना बाळापूरपर्यंत बाई एवढंच म्हणाल्या, "पोरगं सुटलं मात्र झकास. आमच्या शाळेत असतं तं राज्याले नेलं असतं."

शेडवर पत्रे पडल्यावर सविता जठारपेठेत बाईंच्या घरी पेढे घेऊन आली. मीही होतो. बाजारच्या दिवशी आता बायका सावलीत बसतात, आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी वर्गाबद्दल विचारलंय, असं ती सांगत होती.

"बाई, तुमी आठ दिवस आमच्याकडंच राह्यले या. मी बाया जमवतो. घर मोठं हाय. नाय म्हनू नोका."

बाईंचा चेहरा उजळला. आठ दिवस, नवी मैदानं, नव्या ओळी. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि आतल्या खोलीच्या दाराकडे मान वळवून, रोजचं असावं तशा सहज म्हणाल्या, "थांब, यायले इचारून सांगतो."

आतल्या खोलीत काकांचा फोटो आहे. फोटोखाली फक्कीची बादली असते.

सविता पेढ्यांच्या खोक्याची दोरी नीट करत राहिली. बाई थोडा वेळ दाराकडे पाहत होत्या. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी ओठाला लावली आणि हलकीशी फुंकली, फक्त खोलीत ऐकू येईल एवढी.

त्या उठल्या, चपला घातल्या आणि अंगणात उतरून फेरी मारू लागल्या, वाकड्या रेषेवरून, सावकाश. सविता उठली आणि त्यांच्या मागं चालू लागली.

विहिरीपाशी पोचल्यावर बाईंचा आवाज आला.

"येतो म्हनून सांग बायांले."