बोलक्या सायलेन्सरचा वास

बहरीनच्या पोटात दडलेलं बाहेर काढणारे त्या काळी दोघेच होते: एक तेल कंपनी आणि दुसरे शैलेंद्र टिल्लू. हे मत अर्थात टिल्लूंचं. तेल कंपनीने यावर कधी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

टिल्लू राजधानी मनामातल्या एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम बघायचे. दिवसभर ठोकलेले बंपर आणि ठोकून दिलेल्या सबबी पाहून पाहून आपल्याला माणसाच्या मनाचा थेट एक्स-रे काढता येतो, अशी त्यांची खात्री झाली होती. घारीची नजर, सशाचे कान आणि शिकारी कुत्र्याचं नाक, असं ते स्वतःचं वर्णन करत. त्यावर त्यांची बायको स्मिता एवढंच विचारी, "मग माणसाचं काय उरलं?"

त्यांची गाजलेली केस छत्रीची. बहरीनमध्ये ऑफिसातून कुणाची छत्री हरवावी, हेच मुळात संशयास्पद. टिल्लूंनी तर्काने सिद्ध केलं की चोर डावरा आहे, उंच आहे आणि त्याचं बालपण पावसाळी प्रदेशात गेलेलं आहे. छत्री शेवटी टिल्लूंच्याच कपाटात सापडली. एवढ्या धूर्त चोराविषयी त्यांना मनातून आदरच वाटला.

असा हा माणूस झिंज भागातल्या एका इमारतीत राहायचा, आणि त्याच्या खालच्या मजल्यावर राहायचा उबेद परकार. उबेद रत्नागिरीचा, सित्र्याच्या एका उग्र वासाच्या रसायनांच्या कारखान्यात टेक्निशियन. कामावर तो कंपनीच्या बसने जाई, त्यामुळे त्याची लाल जपानी स्पोर्ट्स कार आठवडाभर दारात नुसती उभी असे. सेकंडहँड होती, पण टर्बो होती. टर्बो म्हणजे काय ते टिल्लूंनी स्मिताला समजावून सांगितलं होतं. "एंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराला वाटेत एक पंखा फिरवायला लावायचा, आणि त्या पंख्याने एंजिनात जास्तीची हवा कोंबायची. निघालेल्या पाहुण्याला जाता जाता दळण टाकायला सांगावं, तसं."

त्या गाडीला उबेदने नवा सायलेन्सर बसवून घेतला. सित्र्यातल्या लतीफच्या गॅरेजमध्ये हे काम झालं तेव्हा टिल्लू सल्लागार म्हणून हजर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण मोठ्या माणसांना बोलवावं लागत नाही. लतीफने गाडी वर उचलली, गंजलेले बोल्ट शिव्या घालत सोडवले आणि मनगटाएवढ्या जुन्या नळीच्या जागी दंडाएवढी चकचकीत नळी लावायला घेतली. ती डिकीखालच्या एका पातळ पत्र्याला घासायला लागली.

"ये पत्रा बीच में आता है," लतीफ म्हणाला.

"निकाल दो," टिल्लू म्हणाले. "वजन कम होगा. गाडी और भागेगी."

पत्रा निघाला. गाडी सुरू झाली. सायलेन्सर म्हणजे खरं तर गप्प बसवणारा, पण हा नवा चांगलाच बोलका निघाला. मोठ्या रांजणात तोंड घालून कुणी पहिलवान घसा साफ करतोय, असा आवाज आला. उबेद नुसता उभा राहून ऐकत होता, आणि त्याचे डोळे ओले झाले होते. टिल्लूंनी ते धुरामुळे असावं असं अनुमान काढलं.

त्यानंतरच्या आठवड्यात उबेद जिना चढून वर आला.

"टिल्लूसाहेब, गाडीत वास मारतोय."

"कसला?"

"मला नाय कळत. माझं नाक सित्र्याला कामाला हाय, आता त्याचा उपयोग चष्मा ठेवायला. पण अकीला बसली आणि दोन सिग्नल जात नाय तर उतरली. म्हणाली, काहीतरी मेलंय, आणि मेलेलं कुणीतरी भाजतंय."

उबेदची बायको अकीला पोटुशी होती. टिल्लूंनी डोळे मिटले आणि बोटांची टोकं एकमेकांना लावली. "गरोदर बाईला नसलेले वास येतात. ही साक्ष बाद."

"मग ते तुम्हीच सांगा तिला. ती म्हणते, सलमानिया हॉस्पिटलला बाळंतपणाला ह्या गाडीतनं जायची नाय. एकतर वास जाईल, नायतर गाडी. मुहर्रकचा एक बहरिनी शुक्रवारी दुपारी गाडी बघायला येतोय." उबेदने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. "रत्नागिरीला आयटीआयला होतो तेव्हा सायकलच्या चाकात पत्त्याचं पान अडकवायचो. फटफट आवाज यायचा. लोक हसायचे. तेव्हापासनं ही गाडी डोक्यात हाय, साहेब."

टिल्लूंना एकदम वाटलं की ही छत्रीची केस नव्हे. हा माणूस आपल्याकडे खरोखरच आशेने बघतो आहे. ही भावना त्यांना नवीन होती आणि थोडी अवघडही वाटली.

तपास त्याच संध्याकाळी सुरू झाला. उबेद तिकडच्या पद्धतीने डावीकडे बसून चालवत होता, टिल्लू शेजारी बसून हुंगत होते. गाडी तापेपर्यंत काही नाही. मग जळल्यासारखा, खारट, नाकाच्या आत घर करून बसणारा एक वास आला. टिल्लू सात पिढ्यांचे शाकाहारी. असा वास त्यांच्या कुळात कुणी घेतला नव्हता.

"एक," ते म्हणाले, "वास गाडी तापल्यावरच येतो. दोन, गाडी थांबली की वाढतो. तीन, तो उजव्या बाजूने जास्त येतो."

"उजव्या बाजूला तुम्ही बसलाय," उबेद म्हणाला, आणि त्याने एकदा टिल्लूंच्या बुटांकडे पाहिलं.

पहिला सिद्धान्त तेलाचा. टर्बोचं सील गळतंय, तेल तापलेल्या भागावर पडून जळतंय. टिल्लूंनी हे एका मोटारींच्या मासिकात वाचलं होतं, आणि त्या पानावर चित्रही होतं. त्यांनी पांढरा शर्ट घालून गाडीखाली प्रवेश केला आणि काळा शर्ट घालून बाहेर आले. टर्बो ठणठणीत कोरडा होता.

दुसरा सिद्धान्त उंदराचा. नव्या नळीचं तोंड एवढं मोठं, की एखादं उंदरांचं कुटुंब त्यात सहज संसार मांडेल. टिल्लूंनी नळीत पडद्याची काठी घातली, डोळा लावून आत पाहिलं आणि उबेदला ओरडून सांगितलं की गाडी सुरू करू नको. सायलेन्सरमुळे उबेदला "सुरू कर" एवढंच ऐकू आलं. टिल्लू वर गेले तेव्हा स्मिताने दार उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

तिसरा सिद्धान्त लतीफचा. त्याने जुनी, कुठल्या तरी वाईट संगतीत राहिलेली नळी घासूनपुसून नवी म्हणून विकली असणार. टिल्लू वेषांतर करून गॅरेजमध्ये गेले. गडद चष्मा, टोपी, आणि हातात उगाचच एक इंग्रजी वर्तमानपत्र.

"आओ टिल्लू साब," लतीफ गाडीखालूनच म्हणाला.

"पहचाना कैसे?"

"जूता देखा. चाय पियेगा?"

चहा पिताना टिल्लूंनी उलटतपासणी केली. लतीफचं म्हणणं एकच: नव्या नळीला तेलाचा हात असतो, तो जळेपर्यंत धूर मारतो, मग खलास. आता दिवस बरेच झालेत, असं टिल्लूंनी दाखवून दिल्यावर तो म्हणाला, "तो फिर वहम है." तपासात एवढी प्रगती झाली होती, की आता अकीलाला वास येतो हा भ्रम, टिल्लूंना येतो तो वहम, आणि उबेदला तर येतच नव्हता.

शुक्रवार उजाडला. जेवणं झाली. तासाभरात मुहर्रकचा माणूस यायचा होता. उबेद खाली गाडी पुसत होता, आणि ती पुसण्याची पद्धत निरोपाची होती. टिल्लूंना गॅलरीतून ते बघवेना. घार, ससा आणि कुत्रा, तिघेही आपल्याला सोडून गेले आहेत असं त्यांना वाटलं. तेवढ्यात त्यांना शेवटची युक्ती सुचली.

"स्मिता, खाली चल. गाडीत बस."

"मी कशाला?"

"माझं नाक आता तेलाने, धुराने बाटलंय. मला एक निर्मळ नाक हवंय. आपल्या घरात कधी कसला उग्र वास शिरलेला नाही. तुझ्याइतकी शुद्ध साक्षीदार अख्ख्या झिंजमध्ये मिळायची नाही."

स्मिता चपला घालून खाली आली. टिल्लू मागच्या सीटवर पाय दुमडून बसले; ती सीट जपानी लोकांनी बहुधा भाजीच्या पिशवीसाठी ठेवली होती. गाडीने झिंजमध्ये एक फेरी मारली, मग दुसरी. गाडी तापली. स्मिताने एकदाच श्वास घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

"काय वाटतं?" टिल्लूंनी विचारलं. "रबर? की तेल?"

"परत फिरवा गाडी," स्मिता म्हणाली.

इमारतीपाशी अकीला दारात खुर्ची टाकून बसली होती. स्मिता उतरली, अकीलाकडे पाहिलं, मग उबेदकडे. "उबेदभाई, डिकी उघडा."

उबेदने उघडली. स्मिताने आतलं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या बाजूला हात घातला आणि एक पुडकं ओढून काढलं. त्याचं प्लॅस्टिक वितळून खालच्या पत्र्याला चिकटलं होतं, आतला कागद तपकिरी पडला होता. पुडकं फाटलं आणि सुके बोंबील जमिनीवर पडले. चांगले खरपूस भाजलेले होते. जिथे ते ठेवले होते तिथे डिकीच्या रंगाला फोड आले होते.

"पुरावा," टिल्लू कुजबुजले. "कोणीतरी मुद्दाम..."

"माझे आहेत ते," स्मिता म्हणाली.

टिल्लूंनी विचार केला. "म्हणजे तुला कोणीतरी यात अडकवतंय."

"मला कोण अडकवणार? रेवदंड्याहून ताईने पाठवलेत. नेहमी अकीलाच्या फडताळात असतात. ह्या वेळी तिला वास सोसेना, म्हणून ती म्हणाली, कुठेही न्या पण घरातून न्या. मी पुडकं घेऊन बाहेर आले तर समोरून तुम्ही येताय. डिकी उघडी होती, उबेदभाई नळ बंद करायला गेले होते. मी कार्पेटखाली सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून काढायची संधी बघतेय, तर गाडी आधी गॅरेजात, परत आली तर डिकीला कुलूप, आणि मग तिच्याखाली तुम्ही. हा वास त्याचाच, हे मला आज गाडीत बसल्यावर कळलं."

अकीलाने ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते.

"पण तू तर लग्नानंतर सोडलंस सगळं," टिल्लू म्हणाले. "मी सगळ्यांना सांगतो. दर गुरुवारी खाली जातेस ती क्रोशाचं विणकाम शिकायला."

"आठ वर्षांत एक तरी रुमाल पाहिलात घरात?"

टिल्लूंनी आठवून पाहिलं. त्यांच्या तीक्ष्ण स्मरणशक्तीत खरंच एकही रुमाल नव्हता.

"मला सांगायचंस की," ते हळूच म्हणाले. त्यात डिटेक्टिव्ह कुठेच नव्हता.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आधी ठरवता, मग शोधता." ती हे रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

उबेद तोवर गाडीखाली वाकून पाहत होता. नळी आणि डिकी यांच्यामध्ये आता काहीच नव्हतं. "तो पत्रा," तो म्हणाला. "नळीची आच अडवायचा पत्रा काढला आपण. डिकीचा तवा झालाय."

पत्रा कुणाच्या सल्ल्याने काढला, हे तो बोलला नाही. उबेद मोठ्या मनाचा माणूस होता. टिल्लूंनी स्वतःच घसा खाकरून सांगितलं, "मीच म्हणालो होतो. वजन कमी होईल म्हणून."

मुहर्रकचा माणूस आला, तेव्हा ही मंडळी उघड्या डिकीभोवती बोंबील गोळा करत उभी होती. त्याने वास घेतला, गाडीभोवती चक्कर मारली आणि सुरू करून आवाज ऐकला. आवाज त्याला फार आवडला. उबेदने अकीलाकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, हसू आवरलं आणि मान हलवून नाही म्हणून खूण केली.

"मफी," उबेदने त्या माणसाला अरबीत नकार दिला. "विकायची नाही."

लतीफने पत्रा थोडा वाकवून परत बसवला. डिकी धुतली, उन्हात उघडी ठेवली, वास गेला. वेळ आली तेव्हा अकीला त्याच गाडीतून सलमानियाला गेली, आणि तिथल्या वॉचमनने म्हणे हेलिकॉप्टर आलं की काय म्हणून वर पाहिलं. मुलगी झाली.

बाळबाळंतीण घरी आल्यावर काही आठवड्यांनी, एका गुरुवारी, स्मिता खाली जायला निघाली. पाठोपाठ टिल्लूही चपला शोधायला लागले. हातात त्यांनी वरणभाताचा डबा घेतला होता.

"तुम्ही कुठे?"

"क्रोशाला," टिल्लू म्हणाले.

अकीलाने मधे ताट ठेवलं. उबेदने अदबीने विचारलं, "साहेब, घेताय एक?"

"नको. डिटेक्टिव्हने पुराव्याला तोंड लावू नये. मी नुसता वास ओळखीचा करून घ्यायला आलोय. धंद्यात उपयोगी पडेल." ते टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ बसले, डबा उघडला आणि तोंडाने श्वास घेत वरणभात कालवला.

स्मिताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यादेखत तिने बोंबील उचलला आणि कडकन मोडला.