विसाजीपंतांच्या मायन्याची बखर

श्री. वाग्देवता प्रसन्न असो, आणि थोडक्या अक्षरांत प्रसन्न असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावणमास. ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते साद्यंत ऐसे जे. राज्यात पूर्वी फिर्याद कागदावर लिहून कचेरीत देत आणि कचेरी ती उशाशी घेऊन निजत असे. मग महाराजांची आज्ञा जाहली की, "कागद बंद. ज्यास जे सांगणे ते मोबाईल नामे यंत्रातून चव्हाट्यावर सांगावे. अक्षरे दोनशे ऐंशी. त्यापुढील यंत्र गिळील." आणि शिरस्ता ऐसा ठरला की, बोलणे आवडल्यास बदाम द्यावा, फार आवडल्यास त्याची री ओढावी, आणि न आवडल्यास बोलणाराचे कूळ उद्धरावे. हा तिसरा शिरस्ता प्रजेस विशेष मानवला.

ते राज्यी तळवडी गावी विसाजीपंत म्हणोन निवृत्त दप्तरदार राहात. अक्षर मोत्यांचे, आणि मायन्यावाचून पत्र म्हणजे अंघोळीवाचून जेवण, ऐसे त्यांचे मत. पंत एके दिवशी नदीवर गेले, तो पुलाचा मधला खांब कललेला पाहिला आणि उरात धडकी भरली. कारण नागपंचमीस कन्या मंजुळाबाई त्याच पुलावरून माहेरी येणार. मग पंतांनी चव्हाट्यावर खाते उघडिले, चष्मा पुसला आणि लिहिते जाहले की, "श्रीमंत सकलगुणालंकरण अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री महाराज साहेबांचे सेवेशी, तळवडीकर विसाजीपंतांचे कृतानेक साष्टांग नमस्कार," आणि पुढे थोरामोठ्यांस दंडवत, लहानांस आशीर्वाद, येथील क्षेम, तेथील क्षेमाची इच्छा, ऐसे सर्व यथास्थित घालून "विनंती विशेष की, येथील पू" इतके होते तोच अक्षरे सरली आणि बाकीचे यंत्राने गिळिले.

चव्हाट्यावर आजवर कोणी कोणास नमस्कार केला नव्हता. प्रजा गहिवरली, बदामांची रास पडली, खुद्द महाराजांनी "नमस्कार पावला" म्हणोन री ओढिली आणि पंतांच्या नावापुढे निळी खूण बहाल केली. मग 'पू' म्हणजे काय, यावर दोन तट पडले. एक म्हणे पूजा, दुजा म्हणे पूर्वज, आणि दोहींकडील वीर एकमेकांच्या आयाबहिणी काढून धर्मरक्षण करू लागले. पंतांच्या पत्नी द्वारकाबाई पाट्यावर पुरण वाटीत होत्या, त्या बोलिल्या, "पूजा नाही नि पूर्वज नाही. गळू झालंय तुमच्या चव्हाट्याला, त्यातला पू तो. पुलाचं काय झालं?"

पंत वरमले आणि जन्मात प्रथमच मायना गाळून लिहिते जाहले: "पूल कलला आहे. कोणी जाऊ नये." त्याबरोबर टोळधाड उठली. "नमस्कार कुठे आहे?" "महाराजांच्या पुलास नावे ठेवितो?" "कोणाकडून किती घेतले?" ऐसा गिल्ला जाहला, निळी खूण काढून घेतली गेली, आणि महाराजांनी आपल्या श्रीहस्ते लिहिले की, "पूल भक्कम आहे." त्यास लाख बदाम पडले. पुलाकडे मात्र कोणी फिरकले नाही.

पंतांनी घाबरून कन्येस फोन केला. ती हसून बोलिली, "बाबा, मी वाचलं सगळं. भक्कम आहे म्हणून महाराजच म्हणताहेत. तुमचंच आपलं काहीतरी! निघालेच मी."

"अहो, बोटं काय चालवताय, पाय चालवा!" द्वारकाबाई ओरडल्या. मग पंत यंत्र पाटावर टाकून, अनवाणी, बोडक्या डोकीने नदीकडे धावले. पैलतीरी मोटार पुलाच्या तोंडाशी आली होती. पंतांनी दोन्ही हात वर केले आणि चाळीस वर्षे कचेरीत ज्यांचा आवाज चढला नाही ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "मंजे! थांब!" बाप कधी ऐसा ओरडला नव्हता. मोटार जागीच थबकली, आणि क्षणात मधला खांब बसला आणि त्यासवे पूल पाण्यात गेला. अलीकडे पंत मटकन चिखलात बसून रडले, पलीकडे लेक रडली.

दुसरे दिवशी महाराजांनी लिहिले की, "पूल पडोन दुःख जाहले. वेळीच कोणी कळविले असते तर!" त्यासही लाख बदाम. द्वारकाबाईंनी पुरणाची दिंडे डब्यात भरून लांबच्या वाटेने लेकीकडे धाडिली.

येणेंप्रमाणे मायना महाराजांस पावला, पू प्रजेस पावला, आणि मजकूर तेवढा लेकीस पावला.