हरेश्वरकाकांची लाल पाटी

आमच्या पाम गावातले हरेश्वरकाका बिघडलेल्या वस्तूला आधी लाल पाटी लावतात, मग हात. बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं मेन्टेनन्सला होते. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. मिक्सरला पाटी, स्कूटरला पाटी: ‘चालू करू नका. काम सुरू आहे.’ काकू म्हणायच्या, "एक दिस माज्या गल्यात पन बांधतील!"

कारखान्यातला त्यांचा लाडका नियम अख्ख्या गल्लीला पाठ आहे. "टाकीत मानूस उतरला, की वरती एकानं बसून रावाचं. चाय प्याला पन उठाचं नाय."

काकूंना जाऊन उद्या वर्ष होईल. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना त्यांचा व्हिडिओ दाखवायचा, म्हणून काकांनी मुलीचा जुना लॅपटॉप काढला आणि माझा जीव खायला घेतला. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, हा माझा गुन्हा.

"दिनेश, परत अडाकला रे!"

दहा दिवस हेच. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, प्रीव्ह्यू हलका केला, नको त्या फायली उडवल्या. काका पाटी अडकवून विचारायचे, "प्रेशर किती हाय?" लॅपटॉपला कसलं डोंबलाचं प्रेशर! प्ले दाबलं, की चाक गरगर फिरायचं आणि काकू अर्ध्या शब्दावर थांबायच्या. मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

आज दुपारी टाइमलाइन पार शेवटपर्यंत सरकवली, तेव्हा कारण सापडलं. काकांनी फोनमधले झाडून सगळे व्हिडिओ एकापुढे एक लावले होते. नऊ तास! एकही कट नाही.

"काका, कापावं लागेल."

"कापाचं नाय."

"अहो, निदान हा तरी काढू? अकरा मिनिटं नुसता काळोख. फोन तुमच्या खिशात चालू राहिलाय!"

मी डिलीटवर बोट नेलं. काकांनी मनगट धरलं. "आवाज लाव."

काळोखातून काकू बोलू लागल्या. "हलू चाला ओ, चिकू सांडतील. आनि सकालची गोली घेतली का..."

लॅपटॉप अडकला.

"घेतली गो," काका म्हणाले.

उद्या पाहुण्यांना दाखवायला काहीही नव्हतं. काकांनी लॅपटॉपला लाल पाटी अडकवली आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"काका, चहा घ्यायला तरी चला आमच्याकडे."

"तू जा," ते म्हणाले. "मला उठाचं नाय."