घरकुलाचं आवतण

आंबेपाड्याचं बिनछपराचं घरकुल स्वतः चालत ग्रामसभेला आलं आणि चिंचेखाली बसलं. ग्रामसेवकांनी हजेरी मागितली, तेव्हा त्याने उंबरा टेकवून सही केली.

पुढेच बसलेल्या जिवलीबाय भोयेने आपलं घर ओळखलं, पण सभेत हाका मारायच्या नसतात म्हणून नुसता पदर सावरला. भात कापून झाला होता, घरची नागली सरत आली होती, तरी तिने नवा दाणा तोंडात घातला नव्हता की पोरांना दिला नव्हता. पाड्याची रीतच तशी. घर पुरं झालं असं जो पहिल्यांदा बोलेल, त्याने त्या घरात धान्यदेवी कणसरीमातेपुढचा नवा भात खायचा, मग घरच्यांनी. म्हणून हे वाक्य कुणी उगाच तोंडातून काढत नाही. तिच्या घराबद्दल मात्र ते तालुक्याच्या बैठकीत अभियंता निकुंभ बोलून बसले होते.

सरपंच कमळ पागींनी घराला तक्रार विचारली. तक्रार नाही, आवतण आहे, असं घराने सांगितलं, आणि ते सभेला आलेल्या निकुंभांकडे वळलं.

"साहेब, मी पुरं झालंय असं तुम्ही म्हणालात. चला, हात धुवा."

जेवण विषयपत्रिकेत नाही, असं निकुंभांनी निदर्शनास आणलं. ग्रामसेवकांनी ते ऐनवेळच्या विषयांत बसवलं.

"जा रं बाबा," मागून एक म्हातारी म्हणाली, "नव्या नवरीवानी काय लाजतोस?"

निकुंभ आत जाऊन पानावर बसले. जिवलीबायने भात वाढला, दिवा लावला. वरून वारा आला, दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. दिव्याशिवाय देवी जेवत नाही, देवीआधी साहेबांना जेवता येत नाही, आणि पानावरून उपाशी उठता येत नाही. साहेबांचं कार्यालय आता इथेच, असा सभेने ठराव केला.

मग रोज सकाळी घर त्यांना पोटात घेऊन तालुक्याला जाई, पत्र्यांसाठी रांगेत उभं राही आणि संध्याकाळी पाड्यावर परते. रांग ते कधी मोडत नसे. जुन्या नागलीची पेज चालते, म्हणून जिवलीबाय आपल्यातलीच थोडी साहेबांना देई. तिला त्यांचं मनापासून कौतुक वाटे. ऊन लागे, पानाशी कावळे उतरत, पण माणूस बसला तो बसला.

अखेर पत्रे मिळाले आणि घरावर चढले. निकुंभांनी बसल्या जागेवरून एकेक हूक हलवून दाखवायला लावला. सांजेला दिवा लागला आणि ज्योत जागची हलली नाही. देवी जेवली. साहेब जेवले, त्यांनी मागून घेतलं. मग पोरं जेवली, आणि सगळ्यांत शेवटी जिवलीबाय.

हात धुऊन निकुंभ दारात आले, तर बाहेर करंजपाड्याचं घर उभं होतं. त्यालाही छप्पर नव्हतं.

"माझ्याबद्दलही बोलला होतात," ते हळूच म्हणालं.

निकुंभांनी त्याच्या उंबऱ्याशी चपला काढल्या.

"थांबा साहेब," जिवलीबाय मागून म्हणाली, "दिव्याला तेल घेऊन जा."