हातभर अंगठ्याचा चोर

“माझे नाव कानी पडताच गुन्हेगाराने शुद्धलेखनाच्या चुका टाळून कबुलीजबाब लिहून आणावा, अशी माझी जरब आहे. निसर्गाने मला दृष्टी दिली, रसायनशास्त्राने तिला धार दिली. विनय दोघांनीही दिला नाही. त्याची गरज नव्हती.”

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख बसलेल्या घशाने हे आत्मवर्णन करीत होते आणि प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके करून दाखवणारी निर्देशिका ते ऐकत होती. ऐकणे तिला भाग होते. तिची नोकरी तात्पुरती होती. ती कायम करायची की नाही हे त्याच दुपारी ठरायचे होते, आणि शिफारस या गृहस्थांच्या सहीवाचून होत नव्हती. विद्यार्थी त्यांना भिंगसर म्हणत. ते स्वतःला गुन्हाशोधक म्हणवत. आजवर त्यांनी हाती घेतलेल्या प्रकरणांपैकी एकातही गुन्हा घडलेला नव्हता. याचे श्रेय ते आपल्या दराऱ्याला देत.

त्या सकाळी मात्र गुन्हा घडला. भिंगसरांनी गुळण्यांसाठी केलेले मिठाचे पाणी नाहीसे झाले. चंचुपात्र फळीवर जागच्या जागी. आत थेंब नाही. शेजारी शुद्ध पाण्याचे पात्र तसेच भरलेले. चिठ्ठी दोहोंवरही नव्हती, कारण चिठ्ठी लावणे म्हणजे चोराला पत्ता कळवणे, असा सरांचा सिद्धान्त होता.

सुदैवाने त्या दिवशीचा धडाच ठशांवरून द्यायचा होता. बोटाच्या घामात मीठ असते. त्यावर सिल्व्हर नायट्रेट पडले की पांढरे क्लोराइड तयार होते आणि उन्हात काळवंडते. किती मिठाला किती नायट्रेट लागते, हा हिशेब म्हणजेच स्टॉइकिओमेट्री. द्रावण सरांनी सकाळीच करून ठेवले होते. फळीवर पात्रांखाली अंथरलेला कागद त्यांनी त्यात बुडवला.

“सर, द्रावण दुधासारखं का दिसतंय?”

“सामर्थ्यामुळे.”

कागद खिडकीतल्या उन्हात धरला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच काळपट झाला.

“ठसा!” सर घोगऱ्या आवाजात ओरडले.

“अहो सर, अख्खा कागद काळा झालाय.”

“म्हणजे ठसा अख्ख्या कागदाएवढा आहे. चोराचा अंगठा हातभर रुंद असला पाहिजे.”

असा अंगठा कर्मचाऱ्यांत कोणाचाच नसल्याने सरांनी तो सिद्धान्त खेदाने सोडला आणि साठ विद्यार्थ्यांनी आळीपाळीने कागदावर बोटे घासल्याचा दुसरा मांडला. विद्यार्थी अजून आलेलेच नव्हते, हे कळल्यावर तिसरा तयार झाला: चोराने हातमोजे घालून कागद पुसला.

“इथे हातमोजे कोण घालतं?”

“मी घालते. आम्लं मलाच हाताळावी लागतात ना!”

“कबुली!”

एवढ्यात प्राचार्या आल्या. त्या सरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण; सरांच्या नोकरीचे दुसरे कोणतेही स्पष्टीकरण शास्त्राला सापडलेले नाही.

“ताई, हिला कायम करू नकोस. हिने माझ्या गुळण्या चोरल्या.”

“आधी घसा खाकर, मग आरोप कर,” प्राचार्या म्हणाल्या. “तुमचं काय म्हणणं, बाई?”

निर्देशिकेने सरळ आकडे मांडले. “मॅडम, यात एका मोलाला एक मोल लागतो. एकशेसत्तर ग्रॅम नायट्रेटला साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ. सरांनी नायट्रेट घेतलं तीन पूर्णांक चार ग्रॅम. ते सगळं संपवायला सव्वा ग्रॅमही मीठ लागत नाही. मीठ आधीच पाण्यात असेल, तर घामाच्या वाट्याला नायट्रेटमधली चांदी उरणारच नाही. पांढरा गाळ भांड्यातच झाला, तो कागदभर माखला आणि उन्हात काळा पडला.”

तिने थोडे द्रावण गाळले आणि त्या नितळ पाण्यात नायट्रेटचा ताजा थेंब सोडला. पाणी पुन्हा पांढरे झाले. मीठ संपलेले नव्हतेच. संपली होती ती चांदी.

“नळाच्या पाण्यात इतकं मीठ असतं, तर आपण सगळे थुंकलो असतो,” प्राचार्या म्हणाल्या आणि फळीकडे वळल्या. “काय रे, हे शुद्ध पाणी ना?”

“अस्पर्श! एक थेंबही काढलेला नाही.”

“मग द्रावण कशात केलंस?”

भिंगसरांनी रिकामे पात्र उचलून हुंगले. मग त्यांचे डोळे चमकले. “विलक्षण धूर्त चोर! ताई, त्याने माझेच हात वापरले!”

“हात वापरलेले दिसतात. डोकं वापरल्याच्या खुणा कुठेच नाहीत. मोल शिकवतोस, पण तुला कशाचंच मोल कळत नाही. तास बाई घेतील. तू इथे सही कर.”

सरांनी सही केली. दुपारी निर्देशिकेच्या हातात नेमणुकीचे पत्र पडले: कायम. तिचा आनंद पुढची ओळ वाचेपर्यंत टिकला. विभाग तोच होता, आणि विभागप्रमुखही.

“अभिनंदन,” भिंगसर मागून म्हणाले. “आता तुम्ही निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखाली.”

घसा इतका बसलेला असूनही, हे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आले.